कार्डावरची आई

नीलकंठची आई वारली त्याला बरीच वर्षं होऊन गेली होती, पण तिची तब्येत काही सुधारत नव्हती. कधी गुडघे धरायचे, कधी थंडी वाजून ताप यायचा, कधी डोळ्यांपुढं नुसतं धुकं. दर दोन-तीन बुधवारांनी तिला रिक्षात घालून फॅक्टरीच्या दवाखान्यात न्यावंच लागायचं. डॉक्टर लाहिरी नाडी बघायचे, गोळ्या लिहून द्यायचे आणि म्हणायचे, “अम्मा, आप तो हम सबको पहुँचाकर ही जाएँगी.” त्यावर अम्मा हसायची. त्या दिवशी जी कोणी अम्मा असेल ती.

आता कोणी म्हणेल, हा नीलकंठ मोठा लबाड दिसतो. तर तसं मुळीच नव्हतं, आणि म्हणणाऱ्यानं आधी त्याला खोटं बोलताना बघायला हवं होतं. खोटं तोंडाशी आलं की त्याचे कान लालभडक व्हायचे आणि तो आपल्याच चपलांकडे बघत बसायचा. जबलपूरच्या त्या फॅक्टरीत तो फिटर होता. चुकून एखादा नट खिशातून घरी आला, तर दुसऱ्या दिवशी गेटवरच्या दरबानाला तो दाखवून आत परत नेणारा माणूस. दरबान वैतागून म्हणायचा, “भैया, तलाशी बाहर जाते टाइम होती है. अंदर जो ले जाना है ले जाओ, तोप ले जाओ.”

त्याची खरी आई शकुबाई. नवी राज्यं झाली तेव्हा थोरला भाऊ बाबाराव वरूडकडच्या गावी महाराष्ट्रात राहिला, नीलकंठ नोकरीपायी मध्यप्रदेशात, आणि आई दोन्हीकडची. उन्हाळा जबलपुरात, दिवाळी गावाला. फॅक्टरीनं नीलकंठला मेडिकल कार्ड दिलं आणि त्यावर बायको-मुलांखाली ‘आई : शकुबाई’ असं टाइप होऊन आलं, तेव्हा म्हातारीनं ते कार्ड देवघरात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. नवऱ्याच्या सातबाऱ्यावरसुद्धा कधी तिचं नाव लागलं नव्हतं. त्यानंतर दवाखान्यावरून रिक्षा गेली की ती सोबतच्या बाईला कोपरानं ढोसायची, “हा आपला दवाखाना बरं का.” पण त्या दवाखान्यात पाऊल टाकायचा योग काही येईना. जबलपुरात तिला साधं पडसं होत नसे. पोटात ढवळलं, ताप चढला, ते गावी, ऐन दिवाळीत. गावात डॉक्टर नव्हता. तालुक्याला न्यायला बाबारावानं गाडी जुंपेपर्यंत सगळं आटोपलं. नीलकंठ रजा काढून तिथंच आलेला होता आणि आईचं कार्ड त्याच्या खिशात होतं. ते सोबत का घेतलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. आई गेल्यावर ओसरीवर बसून तो ते कार्ड नुसता उलटं-सुलटं करत राहिला.

रजा संपवून तो गोटा करून कामावर आला. फोरमननं लांबूनच आरोळी ठोकली, “क्यों नीलकंठ, तिरुपति हो आए?”

नीलकंठनं सांगायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. त्यानं मान हलवली. ती मान उभी हलली की आडवी, हे त्याला स्वतःलाही कळलं नाही. फोरमननं उभी धरली आणि म्हणाला, “तो लड्डू कहाँ हैं?” दुसऱ्या दिवशी नीलकंठच्या बायकोला, इंदूला, रव्याचे लाडू वळून द्यावे लागले. त्याच्या शॉपनं, म्हणजे कारखान्यातल्या अख्ख्या खात्यानं, ते बालाजीचा प्रसाद म्हणून कपाळाला लावून खाल्ले. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता सांगायचं राहूनच गेलं. लाडू खाऊन झाल्यावर आई मेली म्हणून सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

नीलकंठचं बिऱ्हाड ओमतीच्या बाजारामागच्या एका गल्लीत होतं. भिंतीला भिंत लागून सत्यवतीमावशी राहायच्या. एका खाजगी शाळेतल्या ड्रॉइंगमास्तरांच्या विधवा, मूलबाळ नाही, उंचीनं दाराच्या चौकटीला लागणाऱ्या, आणि आवाज असा की गल्लीतला दूधवाला त्यांच्याकडं पाणी घातलेलं दूध न्यायला धजत नसे. त्या हिवाळ्यात मावशींना ताप भरला. सरकारी दवाखान्यात त्या दोनदा जाऊन आल्या होत्या. तिथं रांग पुढं सरकायची आणि म्हातारी मागं. तिसऱ्या वेळी त्यांनी जायला साफ नकार दिला आणि अंथरुणावर पडून छताला शिव्या द्यायला लागल्या.

“अहो,” इंदू म्हणाली, “आईंचं कार्ड आहे ना आपल्याकडं.”

नीलकंठचे कान तेवढ्यानंच तापले. “इंदू, आई गेली.”

“आई गेल्या. कार्ड कुठं गेलं?”

“अगं, पण ही चोरी झाली.”

“चोरी काहून? सरकारनं तुम्हाला एक आई मंजूर केली. आपण एकच नेऊन राहिलो. दोन नेल्या तर चोरी.”

इंदू शाळेत चौथीपर्यंतच गेली होती, पण तिच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलं नव्हतं. तिनं ट्रंकेतून सासूबाईंचं जांभळं लुगडं काढलं, मोरपंखी काठाचं. कार्डावर त्या काळी फोटो नसायचे, तेव्हा आई ओळखू येईल अशी एक खूण असावी, हा तिचा विचार. सत्यवतीमावशी ते लुगडं नेसल्या तर काठ थेट पोटरीवर आला. तशाच त्या रिक्षात बसल्या, तशाच डॉक्टर लाहिरींपुढं जाऊन खुर्चीत बसल्या, आणि नाव विचारल्यावर “शकुबाई” असं इतक्या दणक्यात बोलल्या की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. नीलकंठ त्या वेळी चपला बघत होता. आठवड्यात ताप उतरला.

गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण औषध लागू पडलं की ते गल्लीत कळतंच.

पुढची आई अंजनीकाकू. त्या बाजारात पुतण्याच्या बांगड्यांच्या दुकानावर बसायच्या. ठेंगण्या, गोल, तोंडानं अखंड बोलणाऱ्या आणि डोळ्यांत मोतीबिंदू धरलेल्या. दिसत नसल्यामुळं त्या मोठ्या हातात लहान बांगडी चढवायला बघायच्या, गिऱ्हाईक किंचाळायचं, बांगडी फुटायची आणि पुतण्या कपाळाला हात लावायचा. त्यांना जांभळं लुगडं एवढं मोठं व्हायचं की इंदू ते कमरेशी दुमडून दुमडून त्याचा तक्क्या करायची. आणि तिसरी सुकरतीबाई. ती कुंडमकडच्या जंगलातून पत्रावळीची पानं घेऊन बाजारात यायची आणि इंदूच्या ओट्यावर सावलीला बसायची. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. तिला मराठीचा गंध नव्हता. इंदू काकूंसारखंच तिलाही मंगळवारी संध्याकाळी ओट्यावर बसवून शिकवायची, “सांग, मी शकुबाई.” सुकरतीबाई तीनदा बरोबर म्हणायची आणि चौथ्यांदा तिला आपल्याच बोलीत म्हणावंसं वाटायचं, “मोर नाम सकुबाई आय.” शेवटी इंदूनं ठरवलं की सुकरतीबाई जाईल तेव्हा आईची दाढ दुखत असेल, म्हणजे बोलायचा प्रश्नच नको. एकदा दाढदुखीवर उपाय म्हणून लाहिरींनी दाढ काढायची गोष्ट काढली, तेव्हा मात्र सुकरतीबाईला वाचा फुटली आणि ती जे बोलली ते कोणत्याच भाषेत कार्डावर लिहिण्यासारखं नव्हतं.

डॉक्टर लाहिरी जाड भिंगांचा चष्मा लावायचे. त्याच भरवशावर सगळा कारभार चालला होता. तरी अधूनमधून ते चष्मा काढून पुसत विचारायचे, “नीलकंठ, अम्मा इस बार छोटी नहीं लग रहीं?”

“साहब, बुढ़ापे में आदमी सिकुड़ता है.”

पुढच्या खेपेला सत्यवतीमावशी दारातून वाकून आत आल्या. लाहिरींनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. “आज तो फिर लंबी हो गईं.”

“आपकी दवा से फ़ायदा है साहब,” नीलकंठ चपलांना म्हणाला.

गोंदण एका बुधवारी होतं, दुसऱ्या बुधवारी नव्हतं. त्यावर त्यानं “धुल गया होगा साहब” असं सांगितलं आणि घरी येऊन तो तासभर पांघरूण घेऊन पडला. पण त्याला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. लाहिरी एकदा त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “भैया, बुरा मत मानना. माँ के पास एक ही साड़ी है क्या? एक और दिला दो.” जिवंत असताना आईला आपण किती लुगडी घेतली, याचा हिशेब करत तो सायकल हातात धरून पायीच घरी आला.

त्या संध्याकाळी त्यानं जाहीर केलं की आता बस. उद्या जाऊन साहेबांना सगळं खरं सांगतो. नोकरी गेली तर गेली. हे त्यानं सत्यवतीमावशींच्या ओट्यावर उभं राहून सांगितलं, कारण इंदूपुढं सांगायची हिंमत नव्हती. मावशी गहू निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“काय सांगशील?”

“की माझ्या आईचा हक्क तुम्ही वापरून राहिल्या.”

“तुझ्या आईनं वापरला होता का?”

“नाही ना. तिला मिळालाच नाही.”

“मंग तिच्या वाट्याचं पडून आहे. घरातलं दूध नासू नये म्हणून शेजारी देतेच ना इंदू? आणि मले एक सांग बाबू. तुझ्या मोठ्या साहेबाच्या आईले दमा होते, तो दमा काय वेगळा राहते? मले ताप आला तं तो काही कोणाची मेहेरबानी मागून आला नाही. मंग औषध काहून मी मेहेरबानी मागून घ्यावं?”

“पण मावशी, कायदा—”

“कायद्याले गुडघे नाहीत,” मावशी म्हणाल्या आणि पुन्हा गहू निवडायला लागल्या. नीलकंठ उभाच होता. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “उभा राहून राहिला तं ते सूप धर.” त्यानं सूप धरलं. दुसऱ्या दिवशी तो कोणाला काही सांगायला गेला नाही.

असं चाललं होतं. अंजनीकाकूंचा मोतीबिंदू पिकला. बाहेरून येणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की होळीनंतर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करू. काकूंनी हे सगळ्या बाजाराला सांगितलं. “माह्यं ऑपरेशन आहे,” म्हणायच्या, आणि मग हळू आवाजात, “म्हंजे शकुबाईचं.” बांगड्या भरायला आलेल्या बायकांना त्या आतापासून वायदे करायला लागल्या होत्या, की होळीनंतर ये, तुझ्या मनगटाचा तीळसुद्धा दिसेल मले.

आणि होळीच्या आधीच सत्यवतीमावशींना धाप लागायला लागली. दोन पावलं चाललं की बसावं लागे. आवाज तर असा खोल गेला की दूधवाला घाबरून स्वतःच विचारायला आला, “अम्मा, दूध ठीक है ना?” बुधवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता. इंदूनं लुगडं नेसवलं आणि नीलकंठनं सोमवारीच त्यांना नेलं. लाहिरींनी नळी छातीला लावली, बराच वेळ ऐकलं, आणि या वेळी काही विनोद न करता भरती करून घेतलं.

रक्त तपासलं. संध्याकाळी लाहिरींनी नीलकंठला बोलावलं. “अम्मा का ब्लड ग्रुप पिछले साल मलेरिया में देखा था. तब कुछ और था.”

पिछले साल म्हणजे सुकरतीबाई. नीलकंठच्या कानांतून आता धूर निघायचा तेवढा बाकी होता. “साहब… उमर के साथ…”

लाहिरींनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. “हाँ,” ते म्हणाले, “उमर के साथ बहुत कुछ होता है. इलाज हम आज वाले खून का करेंगे.” आणि ते वॉर्डात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेला अंजनीकाकू हटून बसल्या की मले सत्यवतीले भेटायचं आहे. इंदूनं हजारदा समजावलं, पण काकू रिक्षा करून एकट्याच आल्या, भिंत चाचपत वॉर्डात शिरल्या आणि दारातच सिस्टरवर आदळल्या.

“अम्मा, आप कौन?” सिस्टरनं विचारलं.

इतक्या मंगळवारांची तालीम फुकट थोडीच जाणार होती. दवाखान्याचा वास नाकात गेला, ‘कौन’ कानावर पडलं आणि काकू ताठ उभ्या राहून खणखणीत बोलल्या, “मी शकुबाई!”

सिस्टरनं खाटेला लावलेल्या पाटीकडं बघितलं. मग खाटेवरच्या शकुबाईकडं बघितलं. नीलकंठ खाटेशेजारच्या स्टुलावर होता, तो डोळे मिटून मनातल्या मनात नोकरीचा राजीनामा लिहायला लागला. तेवढ्यात खाटेवरून, धापेतून, मावशींचा आवाज आला, “मेरी बहन है सिस्टर. बाप को एकच नाम पसंद था.”

“दोनों का शकुबाई?”

“तीनों का,” मावशी म्हणाल्या. “एक कुंडम में दी है.”

सिस्टर हसत सुटली आणि बाकीच्या खाटांवरच्या बायकाही. काकू चाचपडत खाटेवर बसल्या, मावशींचा हात हातात घेतला, आणि दोन्ही शकुबाई तशाच बसून राहिल्या. अंजनीकाकू गप्प बसल्याचं नीलकंठनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

लाहिरींनी त्याच दिवशी त्याला सांगितलं. हृदय थकलं आहे. औषधं चालूच आहेत, पण आता त्यानं फरक पडेल असं नाही. थोडे दिवस. तो वॉर्डात परत आला तेव्हा मावशींनी त्याचं तोंड बघितलं आणि बाकीचं विचारलंच नाही.

“मले घरी ने,” त्या म्हणाल्या.

“नाही. इथं सगळं आहे. ऑक्सिजन आहे, सिस्टर आहे. तुमचा हक्क आहे इथं राहायचा.” एवढं मोठं वाक्य तो खाली न बघता बोलला, आणि त्याचे कानही लाल झाले नाहीत.

“हक्क आहे ना? मंग मी तो अंजनीले दिला. बाबू, नीट ऐक. मी इथं मेलो तं कोण मरीन?”

नीलकंठला कळेना.

“शकुबाई मरीन. लिहून ठेवतीन हे लोक. मंग होळीनंतर अंजनी कोणत्या तोंडानं येईन इथं? तिचा डोळा राहिला, सुकरतीचा दर साली हिवताप आहे, तो राहिला. एक आई आहे सगळ्यात मिळून, ती मी एकटीनं मारून टाकू काय?” धाप लागली म्हणून त्या थांबल्या, पण हात वर करून त्याला बोलू दिलं नाही. “घरी ने. घरी मी सत्यवती म्हणून मरतो. माह्या स्वतःच्या नावानं. काही बिघडत नाही कोणाचं.”

नीलकंठ बायाबापड्यांनी भरलेल्या त्या वॉर्डात उभा राहून वाद घालत होता, की मावशी, तुम्ही जगणार आहात, आणि मावशी त्याला सांगत होत्या, “हळू बोल, सिस्टर ऐकून राहिली.” त्याला त्यांचा इतका राग आला होता की त्यानं तांब्या आपटला. मग त्यानं पाणी पुसून घेतलं, आणि मग तो लाहिरींकडं गेला. माणसाला मरायलासुद्धा दुसऱ्याच्या सोयीनं जागा बदलावी लागते, ह्याचा त्याला संताप येत होता, आणि तो कोणावर काढावा ते समजत नव्हतं.

लाहिरींनी समजावून बघितलं. नीलकंठ एकच वाक्य म्हणत राहिला, “साहब, माँ घर जाना चाहती हैं.” शेवटी त्यांनी सही केली. अँब्युलन्स कोणी मागितली नव्हती, ती त्यांनी स्वतःच सांगितली.

मावशी घरी आल्या आणि आल्या आल्या त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर लुगडं बदलायला लावलं. “हे काढून धुऊन ठेव इंदू. अंजनीले लागीन.” स्वतःचं पांढरं पातळ नेसून त्या खाटेवर पडल्या. दूधवाला आला तेव्हा त्यांनी त्याला जवळ बोलावून शेवटचं झापलं. सुकरतीबाई कुंडमहून कसलीशी मुळी घेऊन आली आणि दोन दिवस पायथ्याशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी, चहा पाजताना, सत्यवतीमावशी इंदूच्या हातावर गेल्या.

ग्वारीघाटावर अग्नी द्यायला कोण, असा प्रश्न गल्लीतल्या माणसांनी विचारायच्या आतच नीलकंठ न्हाव्यापुढं जाऊन बसला होता. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. न्हाव्यानं विचारलं, “कौन लगती थीं?” नीलकंठ म्हणाला, “तुम चलाओ.”

कामावर गेला तर फोरमननं लांबूनच आरोळी ठोकली, “अरे वा, फिर तिरुपति!”

या वेळी त्यानं गुपचूप डबा उघडून लाडू पुढं केले. इंदूनं विचार करून आदल्या संध्याकाळीच वळून ठेवले होते. सगळ्या शॉपचं एकमत झालं की नीलकंठएवढा देवभोळा माणूस फॅक्टरीत दुसरा नाही. लाडू कपाळाला लावून खाणाऱ्या त्या माणसांकडं बघताना त्याला वाटत होतं, कोणीतरी एकानं तरी विचारावं, की बाबा, तुझं कोण गेलं? पण विचारलं असतं तरी सांगायची सोय नव्हती.

दवाखान्यात काकूंच्या ऑपरेशनची तारीख पक्की करायला तो गेला. लाहिरींनी मान वर केली. त्या चकचकीत डोक्याकडं ते बघतच राहिले.

“अम्मा कैसी हैं?” त्यांनी हळूच विचारलं.

“ठीक हैं साहब,” नीलकंठ म्हणाला. “आँख के लिए ला रहा हूँ. बुधवार को.”

लाहिरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “बाईं आँख?”

“जी. बाईं.”

“ले आइए,” ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बुधवारी अंजनीकाकू तक्क्यासारख्या गुंडाळलेल्या जांभळ्या लुगड्यात भरती झाल्या. ऑपरेशन झालं. डोळ्यावर हातभर पट्टी बांधून त्या खाटेवर पडून डोळ्यांच्या वॉर्डातल्या नव्या सिस्टरला सगळ्या बाजाराच्या भानगडी सांगत राहिल्या. पट्टी सोडायच्या दिवशी इंदू आली, नीलकंठ आला, दाराशी सुकरतीबाईही उभी होती, “कुंडमवाली बहन” म्हणून. पट्टी लाहिरींनी स्वतः सोडली. काकूंच्या नाकावर नवा चष्मा चढवला आणि म्हणाले, “अम्मा, देखो तो, सामने कौन है?”

काकूंनी डोळ्याची उघडझाप केली. पाणी पुसलं. समोर नीलकंठ उभा होता. इतकी वर्षं त्यांनी त्याला धुक्यातच पाहिलेलं. त्यांना त्याचं नाक दिसलं, पिकलेल्या मिश्या दिसल्या, आणि मग डोकं दिसलं. मावशींच्या वेळी त्यानं गोटा केल्याचं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं. डोक्यावर नुकतेच कुठं केस उगवायला लागले होते, आणि एवढं सगळं स्पष्ट दिसल्यावर शकुबाई, तालीम, कार्ड, सगळं त्यांच्या डोक्यातून पार उडालं.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढं करून त्याचं डोकं छातीशी धरलं. “आई गेली रे तुझी, बाबू. आई गेली तुझी.” आणि भर वॉर्डात त्या मोठ्यानं रडायला लागल्या.

सगळ्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. सिस्टर हादरली. “अम्मा, क्या बोल रही हो? उसकी माँ तो तुम हो!”

इंदूनं तोंडाला पदर लावला. आता संपलं, असं तिला वाटलं.

“दवाई का असर है, सिस्टर,” लाहिरी म्हणाले. ते खिडकीकडं तोंड करून पुन्हा चष्मा पुसत होते. “दो-चार दिन ऐसा बोलेंगी. बोलने दीजिए.”

नीलकंठनं काही ऐकलं नाही. वरूडकडच्या त्या ओसरीपासून आजपर्यंत हे वाक्य त्याला कोणीच म्हटलं नव्हतं. तो काकूंच्या मांडीवर, आईच्या त्या जांभळ्या लुगड्यात, डोकं घालून हमसून हमसून रडायला लागला. एका आईसाठी की दोघींसाठी, हे त्याला वेगळं करता येत नव्हतं, आणि करायचंही नव्हतं.

सिस्टरला त्याची दया आली. तिनं त्याच्या पाठीवर थोपटलं. “भैया, पागल हो गए क्या? रोते काहे को हो? माँ तो सामने बैठी है.”

“हाँ सिस्टर,” नीलकंठ लुगड्यातूनच म्हणाला, “बैठी है.”